सणसरचे कोरे तास

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. जोतीराममामा,

परवा मशीन बसवायला आले तेव्हा घाईत होते. आईच्या मावसभावाला आयुष्यात तिसऱ्यांदा भेटायचं, त्याच्या स्लॅबवर पत्र्याची पेटी ठेवायची आणि चहा अर्धा टाकून निघायचं, हे मला बरं वाटलं नाही. म्हणून निदान लिहून सांगते.

पेटीतला पंखा बाहेरची हवा ओढतो आणि आतलं यंत्र हवेतले बारीक कण मोजतं. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून लहान. दर तासाला एक आकडा कार्डावर उतरतो. इकडे आमच्या संस्थेत संगणकावर एक मॉडेल चालतं. त्याला आम्ही वारा, थंडी, रस्ते, चुली, कारखाने असं सगळं सांगतो आणि ते प्रत्येक तासाची हवा कशी असेल याचा हिशेब काढतं. माझं काम एवढंच: मॉडेलचा आकडा आणि मशीनचा आकडा शेजारी ठेवायचे, आणि मॉडेल कुठं आणि का चुकतं ते शोधायचं.

अशा सहा पेट्या आहेत. बारामतीत दोन, मग इंदापूर, निमगाव केतकी, निरवांगी आणि तुमची. तुमच्या स्लॅबवर मोबाइलची रेंज टिकत नाही, म्हणून कार्डं हाताने बदलावी लागतील. दोन कार्डं दिली आहेत. पंधरा दिवसांनी भरलेलं काढून कुरिअरने पाठवा, मी रिकामं परत पाठवीन. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही असं आई म्हणाली. तेव्हा कार्डासोबत चिठ्ठी टाकत जा.

बटण जिन्याखाली आहे. पाइपची जाळी साफ करताना तेवढं बंद करायचं, लगेच चालू करायचं.

मामींना नमस्कार.

योगिनी

---

सणसर, १९ नोव्हेंबर २०२४

चि. योगिनी,

कार्ड सोबत आहे. जाळी एकदा साफ केली, चार मिनिटं लागली.

मशीन तासाला नोंद करतं हे वाचून बरं वाटलं. मी कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं होतो. दर तासाला मिलवर जायचं, रसाचा नमुना आणायचा, गोडी मोजायची, रजिस्टरात लिहायची. मिलच्या आवाजाने कान गेले, पण तास चुकला नाही. मिल धुवायची असली की मात्र त्या तासाला नमुना घ्यायचा नाही. रकान्यात आडवी रेघ मारायची. आमचे चीफ केमिस्ट म्हणायचे, धुण्याचं पाणी मिसळलेला नमुना हा रसाचा नमुना नव्हे.

तुझ्या मामीने मशीनला हळदकुंकू लावलं आहे. पुसू का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरीनं इश्वासानं ठिवलंय." पाइपला लावलेलं नाही, मी पाहिलं.

एक विचारायचं आहे. तुझ्या मॉडेलला सणसर दिसतं का? म्हणजे आमचं घर, समोरचं शेत, हे त्यात आहे?

यंदा कारखाना उशिरा सुरू झाला. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आहेत, तोड लागली आहे.

जोतीराम

---

पुणे, ९ डिसेंबर २०२४

ती. मामा,

तुमचा प्रश्न मी आमच्या राजलक्ष्मी मॅडमना वाचून दाखवला. त्या माझ्या मार्गदर्शक. म्हणाल्या, हा माणूस आपल्याकडे हवा होता.

मॉडेलला घर दिसत नाही. त्याने सगळा मुलूख चौकोनांत कापला आहे, एकेक चौकोन तीन किलोमीटरचा. तुमचं घर, शेत, शाळा, निम्मं गाव मिळून एक चौकोन, आणि त्या सगळ्याला तासाचा एकच आकडा. आगी मात्र वेगळ्या कळतात. उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्याला खाली काही पेटलेलं दिसलं तर ते मॉडेलमध्ये जातं.

आता बातमी. पहिल्या महिन्याचे आकडे जुळवले. जुळणी मोजायचं आमचं एक माप आहे. एक म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे काही संबंध नाही. निमगावचं माप अर्ध्याच्या थोडं वर आलं. बारामतीच्या बाजारात त्याहून कमी. सणसर: शून्य पूर्णांक ब्याऐंशी. सकाळी सातला चढ, दुपारी उतार, संध्याकाळी पुन्हा चढ. दोन रेषा एकमेकींवर ठेवल्यासारख्या. मी कागदावर छापून टेबलासमोर लावल्या आहेत.

तेवीस तास मात्र कोरे आहेत, बहुतेक सगळे दुपारी तीन ते पाचमधले. लाईट जाते का हो त्या वेळी?

योगिनी

---

सणसर, २४ डिसेंबर २०२४

चि. योगिनी,

कार्ड पाठवत आहे. आकडा चांगला आला हे मामीला सांगितलं. ती म्हणाली, "हळदकुंकवाचा गुन हाय."

लाईटीचं तू जाणतेसच. आठवड्याला वेळ बदलते.

आपला नदीकडचा ऊस कारखान्याला गेला. आमचा ऋषिराज आता त्याच मुळांवर फुटणाऱ्या खोडव्याच्या मागे आहे. सरीत वाळक्या पाल्याचं पाचट एवढं साचतं की पाणी पुढं सरकत नाही. पाचट कुट्टी करायचं यंत्र गावात एकच, त्याची पाळी लागायला वीस दिवस. कालव्याच्या पाण्याची पाळी तेवढी थांबत नाही.

उपग्रहाचं वाचून एक शंका आली. तो दीडला जातो. मग दीडनंतर कुणी काही पेटवलं तर ते त्याला दिसत नाही, असंच ना?

मामीला थोडा खोकला आहे. थंडीचा असावा.

जोतीराम

---

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. मामा,

बरोबर आहे, दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दीडपर्यंत राख थंड झालेली असते. पण त्यासाठीच तर खाली मशीन ठेवलं आहे. उपग्रहाचं सुटलं तर पेटीला सापडेल. सणसरला तसं काही सापडलेलं नाही, म्हणजे तुमच्याकडे कुणी पाचट पेटवत नाही. आई सांगत होती की मागच्या वर्षी ग्रामसभेत तुम्हीच पाचट न जाळण्याचा ठराव मांडलात आणि शाळेच्या भिंतीवर तो रंगवलाही. मी हे मॅडमना सांगितलं. शोधनिबंधात एक ओळ टाकू म्हणाल्या, गावाचं नाव घेऊन.

लाईटीवर उपाय काढला आहे. कुरिअरने बॅटरी पाठवते. वीज गेली तरी मशीन सहा तास चालेल. ऋषिराजला जोडता येईल, आकृती आत आहे.

आणखी एक. एक एप्रिलपासून शाळांना रोज सकाळी हवेचा अंदाज पाठवायचा असं ठरतं आहे. कुठल्या तासाला मुलांना मैदानावर सोडू नये, एवढंच त्यात असेल. आधी एकाच गावात करून बघायचं. मॉडेल जिथं सगळ्यांत खरं ठरलं तिथं. म्हणजे सणसरला. मार्चअखेरपर्यंतचे आकडे पाहून मॅडम सही करतील.

मामींचा खोकला कसा आहे?

योगिनी

---

सणसर, २१ जानेवारी २०२५

चि. योगिनी,

बॅटरी जोडली. कार्ड सोबत.

निबंधात गावाचं नाव घालण्याची घाई करू नये.

खोकला तसाच आहे.

जोतीराम

---

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

हे पत्र मी तीनदा लिहिलं.

बॅटरी जोडल्यावरही कोरे तास येतच आहेत. तुमच्या शेवटच्या कार्डात नऊ. बॅटरीत बिघाड असेल म्हणून मी मशीनची आतली नोंदवही उघडली. तिच्यात वीज गेली तर एक खूण येते, बटणाने बंद केलं तर दुसरी. आधीची कार्डंही काढून पाहिली. नोव्हेंबरपासून या कार्डापर्यंत सणसरची वीज दोनदा गेली, तीही पहाटे. बाकी सगळे तास बटणाने बंद केलेले आहेत. तीनच्या आसपास बंद, पाचच्या आसपास चालू.

मला पहिल्यांदा वाटलं, मामींना पंख्याच्या आवाजाचा त्रास होत असेल, दुपारी डोळा लागत नसेल. तसं असेल तर सांगा, पेटी दुसऱ्या टोकाला सरकवू. मग वाटलं, तुम्ही रोज जाळी उघडून बसत असाल.

पण तसं असतं तर रोज झालं असतं. हे रोज होत नाही. चार दिवस नाही, मग सलग दोन दिवस. मी त्यात नियम शोधत बसले आहे आणि सापडत नाही. ज्याला सापडेल असा माणूस तिथं एकच आहे.

मी रागावलेली नाही. मला जाणून घ्यायचं आहे.

योगिनी

---

पुणे, २० फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

कार्ड मिळालं. पाकिटात चिठ्ठी नव्हती. दोनदा झटकून पाहिलं.

योगिनी

---

सणसर, २७ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनी,

चिठ्ठी लिहिली होती. टाकली नाही. आता सगळं लिहितो.

बटण मी बंद करत होतो. शिवारात पाचट पेटलं की बंद, धूर निवळला की चालू. पहिल्यांदा अठरा नोव्हेंबरला केलं. त्या दिवशी ऋषिराजने विहिरीजवळचं पाचट पेटवलं. धूर सरळ स्लॅबवर आला. मला मिल धुण्याचा तास आठवला. म्हटलं, ही गावची हवा नव्हे, ही आमच्या घरची घाण आहे. हा नमुना घ्यायचा नाही. रेघ मारायची. तेव्हा मला ते खरंच बरोबर वाटलं होतं.

दुसऱ्यांदा बंद केलं तेव्हा ठरावही आठवला. भिंतीवरची अक्षरं माझी आहेत. पोराला मी बोललो होतो. तो म्हणाला, "आबा, तुमी ठराव केला. यंतर कुठंय?" त्याचं पाहून बाकीच्यांनीही काडी लावली. ते सगळे दुपारचं जेवण करून लावतात, तोवर दव वाळलेलं असतं. म्हणून तीन ते पाच. तुला जो नियम सापडत नव्हता तो हा. ज्याच्या पाण्याची पाळी उद्या, त्याचं पाचट आज.

तू लाईटीचं विचारलंस तेव्हा मी खोटं लिहिलं नाही, पण तुला खोटं वाटू दिलं. उपग्रहाची शंका विचारली ती उगाच नव्हती. त्याला दिसत नाही हे मला पक्कं करून घ्यायचं होतं. आणि तू उत्तरात लिहिलंस की त्यासाठीच खाली मशीन आहे. ते वाचून मी दोन दिवस स्लॅबवर गेलो नाही. मग पुन्हा बंद करत राहिलो. थांबलो असतो तर तुला एकदम दिसलं असतं.

तुझं तीन तारखेचं पत्र आलं, तरी एकदा बंद केलं. बारा फेब्रुवारीला. मी जिन्याखाली गेलो आणि वर आलो. मामी ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"झाकलं का त्याला?"

मी म्हटलं, झाकलं नाही, बंद केलं.

"त्येच. त्याला धूर लागू ने म्हनून एवढी धावपळ. मी न्हवं का हितंच बसल्ये?"

मग खोकली, आणि तांदूळ निवडू लागली. मी खाली जाऊन बटण चालू केलं. त्यानंतर हात लावलेला नाही. तुला मिळालेल्या कार्डात शेवटचे चार दिवस तसे आहेत. या कार्डात अकरा दिवस. या महिन्यात सगळीकडेच तोड उरकत आली आहे, त्यामुळे पुष्कळ पेटलं. आकडे मी पाहिले नाहीत, मला ते उघडता येत नाही. चांगले नसतील.

सोबत एक वही पाठवतो. लॅबची सवय गेली नाही. मशीन बंद असलं तरी मी तास लिहीत होतो: तारीख, कोणतं शेत, किती वाजता पेटलं, वारा कुठून, किती वाजता निवळलं. एकोणतीस वेळा. त्यातली सात शेतं आमची. नावं खोडलेली नाहीत. निबंधात गावाचं नाव घालायचं असेल तर आता घाल.

शाळेला अंदाज द्यायचा की नाही हे तुमच्या मॅडमनी ठरवावं. पण मी मारलेल्या रेघांवर विसंबून तीन वाजता पोरं मैदानात सोडू नका.

जोतीराम

---

पुणे, १४ मार्च २०२५

ती. मामा,

तुम्ही सगळं लिहिलंत, तेव्हा मीही लिहिते. पत्र वाचल्यावर पहिला विचार आला की ते मिळालंच नाही असं धरावं. कोरे तास आमच्याकडे गाळायचीच रीत आहे. कुणी विचारलं नसतं. ब्याऐंशी राहिला असता, निबंध गेला असता, एप्रिलमध्ये अंदाज सुरू झाला असता. संध्याकाळपर्यंत तो विचार डोक्यात होता. मग नवं कार्ड लावलं.

सतरा फेब्रुवारी, दुपारी चार. मॉडेल म्हणतं अडतीस. मशीन म्हणतं तीनशे सव्वीस.

वीस फेब्रुवारी, दुपारी तीन. मॉडेल एकेचाळीस. मशीन दोनशे नव्वद.

असे अकरा तास आहेत. तेरा फेब्रुवारीपासूनचे दिवस धरले तर सणसरचं माप ब्याऐंशीवरून एकतीसवर आलं. सहा पेट्यांत शेवटचं. टेबलासमोरचा कागद मी काढलेला नाही, त्याच्या शेजारी दुसरा लावला आहे.

दोन्ही घेऊन मॅडमकडे गेले. त्या बराच वेळ तुमची वही वाचत होत्या. मग म्हणाल्या, "मॉडेल बरोबर असल्याचं आपण सिद्ध केलं नव्हतं. आपण फक्त दोन आंधळे शेजारी उभे केले होते." निबंध त्यांनी मागे ठेवला आहे. एप्रिलचा अंदाज थांबवला. माझ्या प्रबंधाला सहा महिने जास्त लागतील. त्यांना वाटतं आहे की मॉडेलला आगी उपग्रहाऐवजी पाण्याच्या पाळ्यांच्या वेळापत्रकावरून सांगून पाहाव्यात. असं कुणी केल्याचं आमच्या वाचनात नाही. वेळापत्रक कालव्याच्या कचेरीत मागायला मी पुढच्या महिन्यात येते आहे. तेव्हा चहा पूर्ण पिईन.

बंद तासांचे आकडे आता कुठूनच मिळणार नाहीत. ते गेले. मी त्या रकान्यांत रेघ न ठेवता "धूर" असा शब्द भरला आहे. संगणक त्यावर कुरकुरतो, त्याला आकडा लागतो.

एक राहिलं. वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आकडा आहे, वर "द्वा." असं लिहिलेलं. चौदा, नऊ, एकवीस, सतरा. धुराची उंची असेल असं वाटलं, पण वाऱ्याशी जुळत नाही. पेटलेल्या शेताच्या अंतराशी मात्र चांगलं जुळतं. शेत जवळ तसा आकडा मोठा. माझ्या मशीनच्या अकरा तासांच्या ओळीही तुम्ही शेवटच्या पानावर लिहिल्या आहेत. तिथं "द्वा." आणि मशीन शेजारी ठेवून पाहिले. माप एकोणऐंशी आलं. मॉडेलहून कितीतरी वरचढ. हे कुठलं उपकरण आहे?

योगिनी

---

सणसर, २२ मार्च २०२५

चि. योगिनी,

ते उपकरण नाही. द्वा. म्हणजे द्वारकाबाई, तुझी मामी. त्या तासात ती किती वेळा खोकली तो आकडा आहे.

मी ओट्यावर शेजारीच बसलेला असायचो. कान गेलेत, पण एवढ्या जवळचं ऐकू येतं. मोजायची सवय, म्हणून मोजत गेलो. पहिल्या दिवसापासून. वही तुला पाठवली तेव्हा तो रकाना फाडावा असं मनात आलं होतं.

तू मशीनशी जुळवून पाहशील असं वाटलं नव्हतं. मी ते कधी कशाशी जुळवून पाहिलं नाही. एका हाताने बटण बंद करत होतो आणि दुसऱ्या हाताने ते लिहीत होतो, तरी थंडीचा खोकला म्हणत होतो.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. एकोणऐंशी म्हणजे काय विचारलं, ते सांगितलं. ती म्हणाली, "मंजी मी मशीनीएवढी खरी हाय."

मी व्हय म्हटलं.

काल ऋषिराज स्लॅबवर आला होता. त्याला पत्र दिलं, द्वा. म्हणजे कोण ते सांगितलं. त्याने उभ्यानेच वाचलं, द्वा.चा परिच्छेद पुन्हा वाचला, आणि पत्र परत दिलं. ओढ्याकडच्या तुकड्याला पाण्याची पाळी मंगळवारी आहे. पाचट अजून सरीत आहे. काय करतो ते तुला पुढच्या कार्डात दिसेलच, मी आधी सांगत नाही.

तिला सोमवारी बारामतीला छाती दाखवायला नेतो आहे. त्या दिवशी मशीनजवळ कुणी नसेल. काही करावं लागणार नाही, ते चालू आहे.

कार्ड सोबत. कोरा तास एकही नाही.

जोतीराम